साठ हातांचा पट्टा

कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमधल्या त्या ऑफिसात चव्वेचाळीस माणसं होती आणि त्यांतली दोनच मराठी. ऋता वर्तक आणि विराज सोमण. दोन म्हणजे काही फार नव्हेत, पण बाकीच्या बेचाळिसांची उणीदुणी काढायला दोन पुरतात. लिफ्टमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, अगदी भर मीटिंगमध्ये हे दोघं खुशाल मराठीत बोलायचे. "हा आता अर्धा तास खातोय बघ," असं विराज हसऱ्या चेहऱ्याने म्हणायचा, आणि समोरच्या बंगाली ऑडिटरला वाटायचं, आपलं कौतुकच चाललंय.

ऋता कोलकात्यातच जन्मली, इथेच चाळिशीला टेकली. वडील मधुकरराव गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून रिटायर झाले, तेव्हापासून बाप-लेक सॉल्ट लेकच्या दोन खोल्यांत राहत होते. आई गेल्यावर घरातली मराठी जेवायला वाढण्यापुरती उरली होती. विराज पुण्याहून तिचा वरिष्ठ म्हणून आला आणि तिच्या गंजलेल्या मराठीला तेलपाणी मिळालं. त्याचं तिला भारी अप्रूप. सबंध शहरात कुणाला कळू नये अशी भाषा आपल्या तोंडात आहे, ही तिला एक चैनच वाटायची. ती चैन कुणाच्या जिवावर चालली होती, हे तिला कळायला जानेवारी उजाडावा लागला.

कंपनीचं काम सांगायला सोपं आणि ऐकायला तर फारच गोड होतं. परदेशातले गुंतवणूकदार पैसे घालायचे. ते पैसे झाडग्रामकडच्या सालवनांना लागून असलेल्या बारा गावांत जायचे. चांगलं बियाणं, शेततळी, कमी व्याजाचं कर्ज. त्या बदल्यात गावाने एवढंच करायचं, की जंगल राखायचं, आणि जंगलाला लागून असलेली आपली पडीक जमीनही झाडोऱ्याला सोडून द्यायची. दरवर्षी एकतीस डिसेंबरला उपग्रहावरून फोटो निघायचा. त्यात जंगल एक टक्कासुद्धा कमी दिसता कामा नये. आणि एका गावात कमी दिसलं, तर बाराच्या बारा गावांचे पैसे बंद.

हे शेवटचं कलम ऋताचं. बचत गटाच्या कर्जाला सगळ्या बायकांची हमी असते ना, त्यावरून तिला सुचलं होतं. "गावं एकमेकांवर लक्ष ठेवतील, आपल्याला राखणदार नेमायला नकोत," असं तिने गुंतवणूकदारांना सांगितलं तेव्हा त्यांनी टेबल वाजवलं होतं. त्या दिवशी तिने बाबांसाठी खास दुकानातून नोलेन गुळाची, म्हणजे खजुराच्या गुळाची, संदेश मिठाई नेली होती.

बरं, योजना फसली असती तर एक वेळ परवडलं असतं. ती फळली! चार वर्षांत जंगल असं माजलं, की आत शिरलेली शेळी दिसेना. गावोगावच्या बायका काठ्या घेऊन पहारा करायच्या. शालडिही नावाच्या गावात पहाऱ्याची म्होरकी मीना माहातो होती. ऋता एकदाच तिकडे गेली होती. मीनाने तिला मुढी, म्हणजे कुरमुरे, आणि वांग्याची भजी खाऊ घातली, मग तिच्या पायांकडे बघून म्हणाली, "ही शहरातली चप्पल. काटा आरपार जाईल." आपले जाड रबरी बूट काढून तिने ऋताला घालायला लावले आणि स्वतः अनवाणी पुढे चालायला लागली. तिचा काठी घेतलेला फोटो ऋतानेच काढला होता.

आणि जंगलामागोमाग हत्ती आले. पूर्वी कळप दोन दिवसांत त्या भागातून पार व्हायचा, लपायला जागाच नव्हती. आता दिवाळीतल्या कालीपूजेच्या सुमाराला आले की धान कापून होईपर्यंत ते हलायचे नाहीत. दिवसभर रानात उभे, अंधार पडला की भातात. ऋताने लिहिलेला करार एकसष्ट पानांचा होता. त्यात पाणी होतं, माती होती, पक्ष्यांच्या जाती होत्या. हत्ती हा शब्द एकदाही नव्हता.

ऑक्टोबरच्या अखेरीला, दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू अजून रस्त्याकडेला पडलेले असताना, मीनाचा नवरा निताई ऑफिसात आला. पहाटेची गाडी पकडून हावडा, तिथून बसने करुणामयीचा स्टॉप, मग चालत. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्ज. ऋताच्या टेबलामागे पुण्याहून मागवलेलं मराठी कॅलेंडर लटकत होतं, त्याच्यापुढे तो जरा थबकला. गणपतीच्या चित्राला मनातल्या मनात नमस्कार करत असेल, असं तिला वाटलं.

मीटिंगच्या खोलीत तो खुर्चीच्या टोकावर बसला. समोर ऋता, बाजूला विराज.

"दीदी," तो म्हणाला, अर्थात बंगालीत, "रान पार दारापर्यंत आलंय. नळाची वाट त्यातूनच जाते. पहाटे बायका पाण्याला जातात, हत्ती चार हातांवर उभा असला तरी कळत नाही. परवा माझी वहिनी थोडक्यात वाचली. घरं आणि रान यांच्या मधे साठ हात रुंदीचा पट्टा साफ करू द्या. झुडपंच आहेत. जमीन आमचीच आहे, तुमच्या योजनेत दिलेली. वनखात्याचं काही म्हणणं नाही. फक्त तुमचं पत्र पाहिजे."

त्याने मोबाइल पुढे केला. अंगणाच्या चिखलात हत्तीचं पाऊल उमटलं होतं, आणि माप कळावं म्हणून त्यात पितळी ताट ठेवलेलं होतं. ताट पावलाच्या आत सहज मावलं होतं.

विराजने फोटो पाहिला, मान डोलावली आणि चेहऱ्यावरची सहानुभूती जराही न हलवता मराठीत सुरू झाला.

"ऋता, उपग्रहाच्या रीडिंगला दोन महिने राहिलेत. आत्ता पट्टा कापला की नकाशावर भोक दिसणार. बारा गावांचे पैसे अडकतील, आणि तुझ्या कलमामुळे अडकतील. याला घुमवत ठेव. जानेवारीत काय कापायचं ते कापू दे."

"आणि तोवर काही झालं तर?"

"त्या भागात दरवर्षी एखादा माणूस हत्तीच्या पायाखाली जातोच. आपण पाळलेत का हत्ती?"

ऋताने निदान इथे गप्प बसायचं होतं. नाही बसली. विराजपुढे तिला मराठीत ठसक्यात बोलायची हौस होती, त्या हौसेने घात केला. ती हसली आणि म्हणाली, "कमिटी बसायची आहे म्हणून सांगते. चहा पाजला, दोन शब्द गोड बोललं की ऐकतात हे लोक. भोळे असतात बिचारे."

मग ती निताईकडे वळली आणि स्वच्छ बंगालीत म्हणाली, "निताईदा, तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे. पण हे आमच्या कमिटीपुढे ठेवावं लागेल. दोन-तीन आठवडे लागतील. चहा घेणार ना?"

निताईने चहा घेतला. सगळा प्यायला, कप बशीत नीट ठेवला. अर्ज टेबलावर सरकवला.

"कमिटी बसली की सांगा, दीदी," तो म्हणाला आणि निघून गेला.

कमिटी वगैरे काही नव्हती, हे सांगायला नकोच.

त्यानंतर दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायला लागला. ऋता तेव्हा पोहे करत असायची. "दीदी, कमिटी बसली?" एवढंच तो विचारायचा. आवाज कधी चढला नाही. "या आठवड्यात नक्की," ती म्हणायची. एकदा कमिटीतला एकजण आजारी पडला, एकदा एकजण दिल्लीला गेला. खोटं बोलायची सवय लागली, की माणूस त्यात नक्षीकामसुद्धा करायला लागतो.

"कसली गं ही कमिटी?" तिसऱ्या रविवारी मधुकररावांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं, मराठीत झालेलं बोलणं तेवढं वगळून.

बाबांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. "आमच्या रेल्वेतही त्याच भागात हत्ती रुळांवर यायचे," ते म्हणाले. "ड्रायव्हर आधी गाडी थांबवायचा आणि मग वर कळवायचा. परवानगी मागून कुणी ब्रेक लावल्याचं मला आठवत नाही."

"बाबा, इथे बारा गावं आहेत. नऊशे घरं."

"गाडीतही माणसं असायचीच की," बाबा म्हणाले आणि पोहे खायला लागले.

त्या दिवशी दुपारी तिने पत्र लिहिलं. चार ओळींचं. शालडिही गावास साठ हात रुंदीचा पट्टा साफ करण्यास कंपनीची हरकत नाही. खाली स्वतःचं नाव टाकलं. पण पत्र कॉम्प्युटरवरच राहिलं. सोमवारी तिने गुंतवणूकदारांना मेल करून विचारलं, कलम जरा सैल करता येईल का? उत्तर तासाभरात आलं, अतिशय सभ्य. मुद्दा महत्त्वाचा आहे, जानेवारीच्या आढाव्यात जरूर मांडा.

"बघ, मी काय म्हणत होतो?" विराज म्हणाला. "अर्धी तळी खणून पडलीत, ऋता. पैसे थांबले तर नऊशे घरं उघड्यावर. एका पायवाटेसाठी?"

तो काही राक्षस नव्हता. त्याचा हिशेब बरोबर होता आणि म्हणूनच तिला त्याच्याशी भांडता येईना. आपणच बांधलेल्या फासात आपणच अडकलो आहोत, हे तिला कळत होतं. कळूनही ती रोज सकाळी ऑटोत बसून ऑफिसला जात होती, जेवत होती, झोपत होती. काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून तिने शालडिहीला बारा टॉर्च पाठवून दिले. कंपनीची खूण असलेले, चांगले प्रखर प्रकाशाचे. निताईने फोनवर त्याचे आभार मानले, आणि मग विचारलं, "दीदी, कमिटी बसली?"

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी साडेआठला ऋता करुणामयीला ऑटोत बसत होती. फोन आला तो गावातल्या कंपनीच्या माणसाचा. पहाटे मीना माहातो नळावर गेली होती. धुकं होतं. रानातून दात्या हत्ती बाहेर आला तेव्हा तो तिच्यापासून दोन पावलांवर होता. पुढचं ऋताने ऐकलं आणि ऐकलं नाही. तेवढं एक डोक्यात राहिलं, की टॉर्च मीनाच्या हातातच होता आणि लोक पोचले तेव्हाही चालू होता.

ऑटोवाल्याने विचारलं, "दीदी, बसताय ना?" ती बसली. मागे दुसऱ्या बायका खोळंबल्या होत्या.

त्या रविवारी दहा वाजता फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. पोहे करपले, बाबांनी ते तसेच खाल्ले. ऋता फोन समोर ठेवून बसायची. आपण करावा असं तिला वाटायचं, आणि काय बोलायचं ते सुचायचं नाही. कमिटी बसली म्हणून सांगायचं?

ऑफिसात विराजला वेगळीच धास्ती होती. गाव आता चिडून सगळं रान आडवं करेल, असं त्याला वाटत होतं. तो रोज उपग्रहाची चित्रं उघडून बसायचा. पण शालडिहीने एक फांदी तोडली नाही. एकतीस डिसेंबरचं रीडिंग आलं. शालडिहीचं जंगल दोन टक्के वाढलं होतं. ऑफिसात केक आला. गुंतवणूकदार इतके खूश झाले, की दुसरा टप्पा तिथल्या तिथे मंजूर. बाराऐवजी चाळीस गावं, पाच वर्षं. अट एकच, की आता फोटो दर तीन महिन्यांनी निघेल आणि या डिसेंबरच्या आकड्याखाली कुणी कधीच जायचं नाही. आढाव्यात ऋताने पट्ट्याचा विषय काढला. सगळ्यांनी दोन मिनिटं शांतता पाळली, मीनासाठी. मग पुढचा विषय निघाला. नवं कलम ऋतानेच टाइप केलं, कारण तिचं इंग्रजी चांगलं होतं. अहवालाच्या मुखपृष्ठावर काठी घेतलेली मीना होती. ऋता म्हणाली, हा फोटो काढून टाका. विराज म्हणाला, "दुसरा इतका चांगला आहे कुठे?"

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी निताई आला. डोक्यावर नुकते केस उगवू लागले होते. शर्ट तोच, इस्त्री नव्हती. ऋताने त्याला त्याच खोलीत बसवलं. त्याने पिशवीतून टॉर्च काढून टेबलावर ठेवला. काच तडकलेली होती.

"निताईदा..." ती बंगालीत म्हणाली.

तेवढ्यात दार ढकलून विराजने डोकं आत घातलं. सवयीने, हसऱ्या चेहऱ्याने, मराठीत म्हणाला, "हा कशाला आलाय आता? भरपाई मागायला?"

निताईने मान वळवली नाही. ऋताकडे बघतच तो म्हणाला, "नाय साहेब. विचारायला आलोय."

मराठीत! उच्चार बंगाली होते, धाटणी मात्र पक्की मराठी. काहीतरी पुटपुटत विराजने फोन कानाला लावला, न वाजलेला, आणि तो निघून गेला. दार हळूहळू आपोआप बंद झालं.

"जानेवारी आला, मॅडम," निताई म्हणाला. बंगालीत ती दीदी होती, मराठीत मॅडम झाली. "आता कापू का?"

ऑक्टोबरातला एकेक शब्द ऋताला आठवला, स्वतःच्या हसण्यासकट. भोळे असतात बिचारे. तिला त्या टेबलाखाली जाऊन लपावंसं वाटलं.

"तुम्हाला... मराठी?"

"पुण्याला होतो. बाणेरला, सेंट्रिंगच्या कामाला. सात वर्षं. मुकादम बीडचा, तेच्या शिव्या आधी शिकलो." तो हे काही दुखवायला सांगत नव्हता, नुसतं सांगत होता. "मीना पण होती दोन वर्षं. तिला चांगली यायची, माझ्यापेक्षा. तुमची योजना आली म्हणून परत आलो. म्हटलं, आता शेती होईल, गावात राहू."

"तेव्हाच का बोलला नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही हसत होता."

बाहेर कुणीतरी प्रिंटर चालू केला. निताईने तडकलेल्या काचेवरून अंगठा फिरवला.

"घरी जाऊन मीनाला सगळं सांगितलं. कमिटी बिमिटी काय नाय, घुमवतायत. ती म्हणाली, साहेब तसाच आहे, पण बाई चांगली आहे, माझे बूट घालून चाललीय. फोन कर. एकटी असली की खरं सांगेल." तो थांबला. "दर रविवारी तीच नंबर लावून द्यायची. बाजूला बसून ऐकायची."

ऋता रडायला लागली. तिला आवरता येईना, आणि या माणसासमोर आपण रडतोय याचीही लाज वाटत होती. निताई वाट बघत बसून राहिला.

"मग तुम्ही कापलं का नाही?" शेवटी तिने विचारलं. "न विचारता कापायचं होतं. मी काय केलं असतं?"

"अकरा गावं आहेत ना बाकी. त्यात एक मीनाचं माहेर. त्यांचं तळं अर्धं झालंय." तो जरा पुढे सरकला. "आता रीडिंग झालं. साहेब बोलले होते, जानेवारीत कापू दे. माझी सून येतेय पुढच्या महिन्यात. नळाची वाट तीच आहे. म्हणून विचारतोय, कापू का?"

ऋताने डोळे पुसले. नवं कलम तिला पाठ होतं, तिनेच टाइप केलेलं. दर तीन महिन्यांनी. या आकड्याखाली कधीच नाही. ती बोलायला गेली आणि तिच्या तोंडून, कसं कोण जाणे, बंगालीच आलं. तेच मऊ, सभ्य, चहासोबतचं बंगाली. "बघा निताईदा, दुसऱ्या टप्प्याचे नियम थोडे वेगळे आहेत, मी हा मुद्दा पुन्हा एकदा वरच्या समितीपुढे..."

निताईने हात वर केला.

"मराठीत सांगा, मॅडम," तो म्हणाला. "मराठीत तुम्ही खरं बोलता."

काचेपलीकडे विराज कुणाशी तरी बोलत होता आणि इकडे न बघायचा आटापिटा करत होता. ऋताने टेबलावरच्या टॉर्चकडे बघितलं, मग निताईकडे.

"नाही कापता येणार," ती म्हणाली. "आता दर तीन महिन्यांनी फोटो निघेल."

"मार्चनंतर?"

"नाही."

"मग कधी?"

"कधीच नाही."

निताईने मान हलवली. रागाची एक रेघही त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. असती तर तिला बरं वाटलं असतं. त्याने रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि उठला.

"एवढंच विचारायचं होतं," तो म्हणाला. "आता रविवारी फोन नाय करणार."